प्रतिसाद: फाटकावरचा सिमकार्डवाला इंटरकॉम मध्येच बंद पडणे

फाटकावरचा सिमकार्डवाला इंटरकॉम, म्हणजे पाहुण्याचा कॉल रहिवाशाच्या मोबाईलवर लावणारे युनिट, मध्येच बंद पडते ते रेंज कमी असल्याने, असे वरच्या उत्तरात म्हटले आहे. अँटेना लोखंडी पेटीबाहेर, शक्य तितका उंच बसवावा, हा त्यातला सल्ला अगदी योग्य आहे; मात्र सारा दोष रेंजवर टाकणे मला पटत नाही. आमच्या सोसायटीत पाहुण्याचा कॉल लागत असे, बोलणेही स्पष्ट होत असे, पण फाटक उघडण्यासाठी मोबाईलवरचा आकडा दाबताच युनिट बंद पडून पुन्हा सुरू होई. कारण होते वायर. चौकीतल्या अडॅप्टरपासून फाटकापर्यंत 40 मीटर अंतरावर 0.5 चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकली, तर जाऊन-येऊन तिचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे 3 ओहम होतो, आणि इलेक्ट्रिक लॉकने त्याच वायरवरून 1 अँपिअर प्रवाह ओढला की 12 व्होल्टचे 9 व्होल्टच उरतात आणि युनिट बंद पडते. म्हणून व्होल्टेज अडॅप्टरपाशी नव्हे, तर युनिटच्या टर्मिनलवर, लॉक उघडत असताना मोजावे. लॉकला स्वतंत्र अडॅप्टर द्यावा किंवा वायर 2.5 चौरस मिलिमीटरची घ्यावी, आणि लॉक डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहावर चालणारे) असल्यास त्याच्या टोकांवर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) उलटा अवश्य जोडावा, अन्यथा लॉक बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजने रिलेचे, म्हणजे लॉकचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या युनिटमधल्या स्विचचे, संपर्क हळूहळू जळतात. सिमबाबत एवढेच, की जिओचे 2जी नेटवर्क नसल्याने त्यासाठी व्होएलटीई (4जी नेटवर्कवरूनच कॉल करण्याची सोय) चालणारे 4जी युनिटच लागते.