वडिलांच्या नावावरचं फेरीवाला प्रमाणपत्र, मुदत संपत आलीय, रिन्यू कुणाच्या नावाने करायचं?

भाजीगाडी_धाकटा:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमची मंडईच्या मागच्या रोडला भाजीची हातगाडी आहे, महापालिकेचं प्रमाणपत्र वडिलांच्या नावावर. ते दिवाळीनंतर वारले. आई पहिल्यापासून त्यांच्यासोबत गाडीवर असायची, आता पहाटे माल आणण्यापासून सगळं तीच बघते. प्रमाणपत्राची मुदत मार्चअखेर संपतेय. वॉर्ड ऑफिसला गेलो तर एका टेबलवर सांगतात की ज्याचं नाव तो वारला म्हणजे प्रमाणपत्र रद्द, दुसऱ्या टेबलवर म्हणतात आधी कोर्टातून वारस दाखला आणा मग बघू. बाहेर एक एजंट भेटला, तो म्हणतो 25 हजार द्या, नवीन नावाने करून देतो. मोठा भाऊ म्हणतो माझ्या नावाने करू, तो कंपनीत परमनंट आहे, नाव त्याचं आणि गाडी आई चालवणार. आईला सही येते पण वाचता येत नाही त्यामुळे ती कागद बघूनच घाबरते. कुणी हे केलंय का, सुरुवात कुठून करायची?

पथारी_कार्यकर्ता:
दादा, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. आईंना सांगा घाबरू नका, हक्क त्यांचाच आहे. 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, त्याचं कलम 5 बघा. प्रमाणपत्रवाला वारला किंवा कायमचा अपंग झाला तर त्याच्या जागी घरातली एक व्यक्ती धंदा करू शकते, पहिला नंबर नवरा किंवा बायकोचा, त्यानंतर अवलंबून असलेल्या मुलाचा. म्हणजे रद्द झालं हे साफ खोटं आहे. फक्त एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कायद्यात हे त्या प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंतच म्हटलंय, म्हणून मार्च संपायच्या आत आईंचं नाव लावायचा अर्ज आत गेलाच पाहिजे. मुदत गेली की नवीन माणूस म्हणून धरतात आणि नवीन लोकांना जागा मिळणं किती अवघड आहे ते तुम्ही बघताच, कायद्याने शहराच्या किंवा वॉर्डाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंतच फेरीवाले बसवायचेत, सर्व्हे पाच वर्षांतून एकदा तरी व्हायला पाहिजे तोही वेळेवर होत नाही.

भावाचं नाव अजिबात लावू नका. प्रमाणपत्र घेताना लिहून द्यावं लागतं की उपजीविकेचं दुसरं साधन नाही. त्याचा पीएफ कापला जातो, कुणीही तक्रार केली तर कलम 10 खाली रद्द होऊ शकतं आणि मग आईंच्या हातून पण जागा गेली.

निवृत्त_परवाना_लिपिक:
वरचं उत्तर बरोबर आहे. मी परवाना विभागातच होतो म्हणून कागदांचं सांगतो. दोन वेगळे अर्ज करा, एक नावात बदल आणि एक नूतनीकरण, पण एकाच दिवशी द्या, कारण बऱ्याचदा पहिल्याचा निकाल येईपर्यंत दुसऱ्याची मुदत उलटते. सोबत मृत्यू दाखला, आईंचं आधार, रेशन कार्ड (त्यात दोघांची नावं असली की नातं सिद्ध होतं), मूळ प्रमाणपत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स, आणि भुईभाडं भरल्याच्या जेवढ्या पावत्या सापडतील तेवढ्या. जायच्या आधी थकबाकी किती दिसते ते विचारून घ्या, बहुतेक फायली तिथेच अडतात. एकदम भरणं जमत नसेल तर हप्त्यांसाठी लेखी विनंती द्या.

आणि काही झालं तरी आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी नाही म्हणाले तर म्हणायचं, साहेब हेच लेखी द्या. कोर्टाचा वारस दाखला मागत असतील तर कोणत्या नियमाने ते पण लेखी मागा. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, तुमच्या महापालिकेने ही सेवा त्याच्या यादीत घेतली असेल (ऑफिसच्या बोर्डवर यादी लावलेली असते) तर ठरलेल्या दिवसांत काम व्हायलाच पाहिजे, नाही झालं तर 30 दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

मोगरा_गजरे:
भाऊ माझं पण असंच झालेलं, मालक गेले तेव्हा पोरं लहान होती. अर्ज आत असताना अतिक्रमणची गाडी आली आणि फुलाची पाटी उचलली, मी पोच दाखवली तरी ऐकेनात, मग संघटनेच्या ताईंनी सांगितलं म्हणून जप्तीची यादी मागितली. यादी द्यावीच लागते त्यांना. भाजी फुलं असला नाशवंत माल मागायला गेलं की त्याच दिवशी परत द्यायचा नियम आहे आणि बाकीचा माल दोन कामाच्या दिवसात, फी घेतात पण माल मिळतो. आईला सांगा पोचची झेरॉक्स गाडीवरच ठेव, प्लास्टिकमध्ये घालून, भाजीच्या पाण्याने कागद भिजतो. आणि एजंटला एक रुपया पण देऊ नका हो, आमच्या लाईनीतल्या एकीने दिले, तिला दिलेला कागद नकली निघाला.

भाजीगाडी_धाकटा:
सगळ्यांचे खूप आभार, आईला वाचून दाखवलं. पण भाऊ अडून बसलाय, म्हणतो मी मोठा, हक्क माझा. तो ऑफिसात जाऊन हरकत घेईन म्हणतोय. असं केलं तर अर्ज थांबतो का?

पथारी_कार्यकर्ता:
असा वाद झाला तर तो कलम 20 च्या तक्रार निवारण समितीकडे जातो, तिचा अध्यक्ष माजी न्यायाधीश असतो. पण क्रम कायद्यातच लिहिलाय, बायको आधी, आणि पगारदार मुलगा अवलंबून धरला जात नाही. त्यामुळे आईंचीच बाजू भक्कम आहे, फक्त वादात महिने जातील आणि नुकसान घराचंच. भावाला हे नीट समजावा की प्रमाणपत्र विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, त्यात मालमत्तेसारखी वाटणी नसते. आणि आईंच्या नावावर असलं तरी घरातल्या माणसाने गाडीवर उभं राहायला कायद्याची परवानगी आहे, रविवारी तो खुशाल बसू शकतो. उलट आईंच्या नावाने प्रमाणपत्र झालं की त्यांना पीएम स्वनिधीत अर्ज करता येईल, पहिलं कर्ज आता 15 हजारांपर्यंत मिळतं, माल भरायला तेवढंच बरं.

निवृत्त_परवाना_लिपिक:
अजून एक, फोटो आणि अंगठ्यासाठी आईंना स्वतः जावं लागेल, त्या दिवशी तुम्ही सोबत जा आणि सही करण्याआधी अर्जातली प्रत्येक ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. जागेचा पत्ता जुन्या प्रमाणपत्रावर जसा आहे तसाच आलाय ना ते खास बघा, रस्त्याचं नाव बदललं की जागा बदलली असं धरतात.