मदत हवी आहे: हे डेल्फिनियम (निळ्या फुलांचं रानरोप) नक्की कोणत्या जातीचं?

अॅरिझोनातल्या सोनोरन वाळवंटात, खडकाळ उतारावर मार्चअखेरीस काढलेले फोटो आहेत. फुलाच्या मागे निघालेली लांब शेपटी पाहून डेल्फिनियम हे नक्की, म्हणजे बटरकपच्याच कुळातलं. पण जात पॅरिशाय की स्केपोसम, इथे गाडी अडली आहे. फुलं गडद निळी, मधल्या वरच्या पाकळ्या पांढरट. पानं जवळपास सगळी बुडाशी, वर दांडा उघडाबोडका. त्यामुळे माझा कल स्केपोसमकडे. पॅरिशायचा निळा सहसा फिका असतो आणि पानं दांड्याच्या खालच्या भागातही असतात. घोळ एवढाच, की एका रोपाच्या दांड्यावर दोन छोटी पानं दिसतात. स्केपोसममध्ये असं चालतं का? (तोडलेलं नाही, विषारी असतं ते!) अजून कोणत्या खुणा बघू?