जपानी महिलांच्या व्यावसायिक कुस्तीला ‘नुरा’ म्हणावे काय?

मंगळवारपेठकर

आमच्या घरी कुस्ती पाहण्याची जुनी परंपरा आहे. आजोबा तरुणपणी कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत जोर-बैठका काढत असत, आणि ऐंशी ओलांडल्यावरही खासबागेत मैदान भरले की फेटा बांधून उतारावरची आपली ठरलेली जागा धरतात. मी मात्र अलीकडे जपानमधील महिलांच्या व्यावसायिक कुस्तीची चाहती झाले आहे. तिकडे तिला ‘जोशी पुरोरेसु’ म्हणतात. यातील ‘जोशी’ म्हणजे महिला. त्याचा आडनावाशी काही संबंध नाही, हे मला शेजारच्या जोशीकाकूंना दोनदा समजावून सांगावे लागले.

या नादाची सुरुवात २७ एप्रिल २०२५ च्या एका लढतीने झाली. स्टारडम या संस्थेच्या योकोहामा अरीनातील त्या कार्यक्रमात ताम नाकानो आणि साया कामितानी समोरासमोर होत्या, आणि जी हरेल तिने कुस्ती कायमची सोडायची, अशी अट होती. ताम हरली. मला जपानीचा एक शब्दही कळत नाही, तरीही शेवटच्या पाच मिनिटांत माझा चहा निवून त्यावर साय धरली, हे मला नंतर दिसले.

अडचण अशी आहे की टोकियोतील संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम आपल्याकडे दुपारी तीनला सुरू होतो, आणि जेवून आडवे झालेले आजोबा नेमके त्याच वेळी जागे असतात. पडद्याकडे दोन मिनिटे पाहून ते म्हणतात, “पोरी, ही नुरा हाय. ह्या दोघींचं आधीच ठरलंय.” चकचकीत पोशाख आणि गाणी सुरू झाली की ते कूस बदलतात. निकाल आधी ठरलेला असतो, हे मलाही ठाऊक आहे, त्यामुळे मला उत्तर सुचत नाही. तालमीत वाढलेल्या माणसाला हा खेळ कोणत्या बाजूने दाखवावा, आणि पहिली लढत कोणती लावावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कागदीफीत

आजोबांचा शब्द अचूक आहे, पण तो इथे लागू होत नाही, असे मला वाटते. नुरा कुस्तीचा राग आपल्याला का येतो? खरी लढत म्हणून हलगी वाजवायची, लोकांकडून तिकिटाचे पैसे घ्यायचे आणि आत दोघांनी संगनमत करायचे, या फसवणुकीचा तो राग असतो. जपानी प्रेक्षकाची अशी फसवणूक होत नाही, कारण निकाल ठरवून घेतला जातो हे तोही जाणतो. आपल्या आवडतीचे नाव पुकारले की तिच्या रंगाच्या कागदी फिती रिंगणात भिरकावण्यासाठी तो घरूनच घेऊन येतो. (माझे हे टोपणनाव त्यावरूनच आहे.)

तामच्या लढतीतील ‘हरणारीने निवृत्त व्हायचे’ ही अट नवी नाही. २७ फेब्रुवारी १९७९ रोजी टोकियोच्या बुदोकानमध्ये जॅकी सातो आणि माकी उएदा याच अटीवर लढल्या आणि उएदाला निवृत्त व्हावे लागले. या दोघी ‘ब्युटी पेअर’ नावाची जोडी म्हणून गाणीही गात असत. त्यांच्या संस्थेचे, म्हणजे १९६८ मध्ये मात्सुनागा बंधूंनी सुरू केलेल्या ‘झेनजो’चे, प्रेक्षागृह त्यांच्यामुळे शाळकरी मुलींनी भरू लागले. पुरुषांच्या करमणुकीसाठी म्हणून सुरू झालेला खेळ मुलींनी आपल्या ताब्यात घेतला, हा मला त्या इतिहासातील सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

या मुलींचे वेड शिगेला पोचले ते १९८० च्या दशकात, चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका यांच्या ‘क्रश गॅल्स’ या जोडीमुळे. त्यांच्या विरुद्ध उभी होती रंगवलेल्या चेहऱ्याची, हातात साखळी घेऊन येणारी डंप मात्सुमोतो. २८ ऑगस्ट १९८५ रोजी ओसाका-जो हॉलमध्ये चिगुसा आणि डंप यांच्यात केसांच्या पैजेची लढत झाली. चिगुसा हरली आणि रिंगणाच्या मधोमध बसवून तिचे डोके भादरले गेले. त्या चित्रीकरणात मी चिगुसापेक्षा तिच्या मागच्या प्रेक्षकांकडेच अधिक पाहतो. गळ्यातील रुमाल तोंडात कोंबून रडणाऱ्या, एकमेकींना धरून किंचाळणाऱ्या त्या मुलींना निकाल ठरलेला होता असे सांगण्याची छाती कोणाची झाली असती?

तरीही आजोबांसाठी ही लढत लावू नये. साखळ्या पाहून ते पुन्हा कूस बदलतील. त्यांना २ एप्रिल १९९३ ची, योकोहामा अरीनातील आकिरा होकुतो आणि शिनोबु कांदोरी यांची लढत दाखवावी. दोघी वेगवेगळ्या संस्थांच्या होत्या, म्हणजे आपल्या भाषेत दोन तालमींची इरेला पडलेली जोड होती. कांदोरी ही १९८४ च्या जागतिक ज्युडो स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेली खेळाडू, त्यामुळे तिच्या पकडीत खोट काढायला आजोबांना वाव मिळणार नाही. होकुतोची मान १९८७ मध्ये एका लढतीत मोडली होती, आणि स्वतःच्या हातांनी डोके धरून तिने ती लढत पुरी केली होती, एवढे आधी सांगून ठेवावे. गाण्यांचा भाग पुढे सरकवावा.

मुरगूडची माहेरवाशीण

मी कागल तालुक्यातील. चार वर्षे मॅटवर आणि त्याआधी मातीत कुस्ती केली, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. आपण कुस्ती पाहताना नजर डाव मारणाऱ्यावर ठेवतो. ढाक लागली की धोबीपछाड बसली, आणि पाठ टेकली की निकाल लागला. जपानी कुस्ती पाहताना काही वेळ फक्त पडणारीकडे पाहावे. ज्युडोतून आलेल्या या पडण्याच्या शिक्षणाला ते ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीला चिकटलेली, पाठ किंचित गोल, आणि जमीन लागण्याच्या त्याच क्षणी दोन्ही तळहात सपाट आपटलेले, म्हणजे मार एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. आपल्या हौद्यातील माती ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मऊ केलेली असते. त्यांच्या रिंगणात लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या, वर पातळ गादी आणि कापड एवढेच असते. मानेवर पडणे ठरवून केले तरी मान खरीच असते.

मानामी तोयोताचा एक डाव यासाठी अवश्य पाहावा. ती प्रतिस्पर्धीला मागून खांद्यावर बसवते, तिचे दोन्ही हात पुढे कात्रीसारखे अडकवून धरते आणि तशीच मागे कमान टाकते. हात बांधलेले असल्याने वरच्या मुलीला जमीन धरताच येत नाही. तिची मान पूर्णपणे तोयोताच्या हवाली असते. आमचे वस्ताद म्हणत की सरावात जोडीदाराला जपून पाडतो तोच खरा पैलवान. ते वाक्य मला कुस्ती सोडून बारा वर्षांनी, स्वयंपाकघरात मोबाईलवर हा डाव पाहताना नीट कळले.

एक तक्रारही नोंदवते. झेनजोमध्ये पंचविसाव्या वर्षी निवृत्त व्हावे असा दंडक अनेक वर्षे होता, आणि दारू, सिगारेट व प्रियकर या तिन्हींना बंदी होती. चिगुसाही १९८९ मध्ये, पंचविशीच्या आतच बाहेर पडली. हे वाचून मला हसू आले नाही. माझी कुस्ती बाविसाव्या वर्षी, साखरपुड्याच्या आठवड्यात थांबली होती.

जुना आखाडा

वरील दोघांचे लेखन मनापासून वाचले, परंतु मी आजोबांच्या बाजूचा आहे. खासबागेत सलामी झडते, खडाखडी सुरू होते, आणि कोण पडणार हे त्या दोघांनाही ठाऊक नसते. त्या अनिश्चिततेसाठीच माणसे भर उन्हात दुपारपासून बसतात. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये हे मैदान बांधून घेतले ते कोठूनही कुस्ती स्पष्ट दिसावी म्हणून, फिती फेकण्यासाठी नव्हे. पडण्याची कला सर्कशीतही असते. शिवाय मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. त्या मुलींबद्दल इतक्या बारकाईने लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

तरी एक मान्य करतो. ७ मे १९९५ रोजी टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये तोयोता आणि क्योको इनोउए यांची लढत ६० मिनिटे चालून बरोबरीत सुटली. ती मी दोष काढण्याच्या हेतूने लावली आणि अखेरपर्यंत पाहिली. इतका वेळ तो वेग राखायला लागणारा दम ठरवून येत नाही.

मुरगूडची माहेरवाशीण

आपली तक्रार अगदी रास्त आहे. सांगलीला मी धाकट्या बहिणीला घेऊन गेले होते, त्याबद्दल सवडीने स्वतंत्र लिहीन. मात्र दोन्ही गोष्टी आवडायला हरकत नसावी.

मंगळवारपेठकर

सर्वांचे आभार. रविवारी दुपारी होकुतो आणि कांदोरी यांची लढत लावली. पहिल्या काही मिनिटांतच कांदोरीने हात पकडला, तसे आजोबा कोपरावर उठून बसले. रक्त आले तेव्हा त्यांनी “हे कशाला?” म्हणून नापसंती दाखवली, पण कूस बदलली नाही. अखेरीस उभे राहण्याचेही त्राण न उरलेल्या त्या दोघींनी एकमेकींवर ठोसे टाकले, दोघीही कोसळल्या आणि होकुतोने कशीबशी कूस वळवून तिच्यावर अंग टाकले, तेव्हा आजोबांनी तो भाग मागे घ्यायला लावला. नुरा आहे, हे मत कायम आहे. “पण पडत्यात झ्याक,” अशी पुरवणी त्याला जोडली गेली आहे.

मग मी त्यांना मेइको सातोमुराचे छायाचित्र दाखवले. १९९५ मध्ये, पंधराव्या वर्षी रिंगणात उतरलेली आणि २९ एप्रिल २०२५ रोजी कोराकुएनमध्येच निवृत्त झालेली ही कुस्तीगीर. तीस वर्षे म्हटल्यावर आजोबांनी तालमीतला नेहमीचा प्रश्न विचारला, “हिचा वस्ताद कोण?” मी सांगितले की चिगुसा नागायो, जिचे डोके भर रिंगणात भादरले होते, तिनेच पुढे गाईआ नावाची संस्था काढून हिला तयार केले.

“मग हिची लाव,” असे म्हणून त्यांनी उशी भिंतीला टेकवली.