हवेसे असलेलेच काम मन का टाळते? आपले अनुभव लिहा

मंद्रषड्ज

गेल्या महिन्यात तंबोऱ्याची जवारी काढून, म्हणजे तारांना गुंजता नाद यावा म्हणून घोडी घासून, घेण्यासाठी मिरजेला गेले होते. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांनी घोडीवरून बोट फिरवले, तारा छेडून पाहिल्या आणि कामाला हात घालण्याआधी "यावर गातं कोण?" एवढेच विचारले. पट्टी ठरवण्यासाठी तो प्रश्न विचारावाच लागतो, कारण बायकांचा तंबोरा पेटीवरच्या काळी चारच्या आसपास लागतो आणि पुरुषांचा त्याहून बराच खाली. मला मात्र "मी" म्हणायला वेळ लागला. गाण्याच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा मी दिल्या होत्या. पुढे लग्न, नोकरी, बदल्या असे होत गेले आणि तंबोरा प्रत्येक घरात बरोबर आला तरी गवसणीतून क्वचितच बाहेर निघाला.

त्या प्रश्नाने मागची काही वर्षे आठवली. मुले शिकायला बाहेरगावी गेल्यावर वेळ मिळू लागला होता, आणि गायचेही होते. तरी बसायची वेळ आली की अंगात जडपणा येई. याला आळस म्हणावे, तर तेवढ्याच वेळात मी माळा आवरणे, सगळे डबे घासणे अशी दुप्पट कष्टाची कामे उरकत असे. पुष्कळ विचार केल्यावर मला असे वाटले की इतकी वर्षे गळा थांबला होता, पण कान थांबला नव्हता. आकाशवाणी, मैफली आणि ध्वनिमुद्रणे ऐकून तो तयारच होत राहिला. विशीत कणभर खाली लागलेला गंधार मला कळतही नसे. आता तो लागताक्षणी कळतो आणि दुखतो. मन टाळत होते ती ही तफावत ऐकण्याची वेळ.

मला वाट सापडली ती अशी. गायचे नाही, फक्त तंबोरा लावायचा, एवढेच मी ठरवले. पंचम, मग जोडीच्या तारा, मग खर्ज, शेवटी मणी सरकवून बारीक सूर आणि घोडीवर दोरा. तंबोरा नीट लागला की त्यात षड्ज न मिळवता उठणे फार अवघड असते. बरेच दिवस मी खर्जाच्या पलीकडे गेले नाही; मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात कुठल्याही मोठ्या गायकाशी तुलना करावीशी वाटत नाही, आणि तो आधार मला हवा होता. त्यानंतर भूप रागाचे पाच स्वर आणि साधे पलटे घेतले. आजही जडपणा येतो, पण आता तो कशाचा आहे हे मला ठाऊक असते.

आपल्यापैकी अनेकांनी असे काही मनाविरुद्ध, म्हणजे खरे तर मनासारखेच, धरून ठेवले असेल. सविस्तर लिहावे ही विनंती.

जुने दप्तर

ताई, कान आणि गळा यांच्याबद्दल आपण लिहिलेत ते मला मोडी लिपीच्या बाबतीत उलट्या बाजूने अनुभवास आले. निवृत्तीनंतर मी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग केला. सुटी अक्षरे ओळखू लागलो, परीक्षेतला उतारा वाचता आला, आणि ज्या कारणासाठी शिकलो ते घरातल्या जुन्या मोडी कागदांचे गाठोडे मात्र उघडवेना. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे लटकवतात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे वर्गातला उतारा वाचणारा माणूस घरच्या कागदापुढे पुन्हा निरक्षर होतो. आत काही महत्त्वाचे निघाले नाही तर काय, आणि निघाले पण वाचता आले नाही तर काय, अशा दोन्ही भीती एकाच वेळी वाटत. मग मी टाक स्वच्छ करीत बसे, कित्ता पुन्हा गिरवीत बसे.

आमच्या शिक्षकांनी सांगितलेला उपाय साधा होता. कागद वाचायचा नाही, त्यात ठरावीक शब्द तेवढे शोधायचे : शके, सन, मौजे, परगणे, राजश्री, गोसावी. जुन्या पत्रांचे मायने ठरलेले असतात, त्यामुळे पहिल्या दोन ओळी बहुधा आपोआप उलगडतात, आणि तिथून लिहिणाऱ्याचे वळण हाताला लागते. घरच्या कागदांपैकी एक विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा निघाला. इतिहासाच्या दृष्टीने त्याला मोल नसेल. मला तो पुरा वाचल्याचा आनंद अजून पुरतो.

गिरणीवरून

मी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झाले, तेव्हा माझी मुलगी बारावीला होती. आमची पिठाची गिरणी आहे. लोक म्हणत, गिरणीच्या आवाजात अभ्यास कसा होणार. पण मला घरातच होत नव्हता. घरात पुस्तक उघडले की कोणी काही न बोलताही मला वाटे की मी घरच्यांच्या वाटणीचा वेळ घेत आहे, आणि लगेच उठून मी काहीतरी काम काढत असे. गिरणीवर मी तशीही बसलेलीच असते, त्यामुळे तिथला वेळ कोणाकडून मागून घ्यावा लागत नव्हता. दळण टोपलीत पडेपर्यंत एक प्रमेय वाचायचे आणि गिऱ्हाईक गेल्यावर ते हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर न बघता लिहायचे, असे मी भूमिती पुरी केली. इंग्रजीची भीती जास्त होती. त्यासाठी मुलीने रोज रात्री मला एक उतारा मोठ्याने वाचायला लावला, आणि ती समोर वाट बघत बसलेली असायची म्हणून मी टाळू शकले नाही.

मंद्रषड्ज ताई, तुमच्या घरी तुमचे गाणे ऐकायला कोणी बसते का? बसवून बघा.

मंद्रषड्ज

आपला अनुभव वाचून फार बरे वाटले. "मागून घेतलेला वेळ" ही गोष्ट माझ्या लिहिण्यातून सुटली होती, आणि ती बहुतेक बायकांच्या बाबतीत खरी आहे. यजमान ऐकतात, पण शेजारच्या खोलीतून. समोर बसण्यास सांगून पाहीन.

कृष्णाकाठ

मिरजेचा उल्लेख वाचून राहवले नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर वर्षी संगीतसभा होते, तिथे मी लहानपणापासून जातो. स्वतः तबला शिकतो. इतके उत्तम ऐकून आल्यावर दुसऱ्या दिवशी तबल्याचा कायदा, म्हणजे बोलांची रचना, घेऊन बसणे मला कठीण जाई, आणि त्याचे कारण आज ताईंच्या लिहिण्यातून समजले. आता मी सभेला जाण्याआधी त्या दिवसाचा रियाज पुरा करतो.

अर्धे प्रकरण

मी मानसशास्त्रात संशोधन करते. ताईंनी स्वतःचे निरीक्षण करून जे लिहिले आहे, त्याला अभ्यासाचा आधार आहे. फ्युशिया सिरोआ आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये असे मांडले की टाळाटाळीचा संबंध वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सांभाळण्याशी अधिक आहे. काम समोर आले की जे अप्रिय वाटते त्यापासून तात्पुरती सुटका मिळावी म्हणून माणूस ते पुढे ढकलतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला, २०१० मध्ये छापून आलेला अभ्यासही इथे उपयोगी आहे. नवी सवय अंगवळणी पडायला त्यात सरासरी ६६ दिवस लागले, पण व्यक्तीव्यक्तींमधला फरक १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत होता. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. "एकवीस दिवसांत सवय लागते" असे ऐकून बाविसाव्या दिवशी स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते.

माझा स्वतःचा अनुभव असा की प्रबंधाची सुरुवात मला जड गेली नाही, शेवट गेला. शेवटचे प्रकरण संपले की प्रबंध परीक्षकांच्या हाती जाणार आणि मग त्याच्यात सुधारणा करता येणार नाही, म्हणून ते अर्धेच राहत होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी त्याच अवस्थेत ते मागून घेतले आणि समासात प्रश्न लिहून परत केले. कोरे पान भरण्यापेक्षा प्रश्नांची उत्तरे देणे मला कितीतरी सोपे गेले.

दवाखाना

वरील सर्व अनुभवांचा आदर राखून एक वेगळी बाजू मांडतो. माझ्याकडे येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या अनेक स्त्रिया "हल्ली काही करावेसेच वाटत नाही, मी आळशी झाले" असे म्हणत येतात आणि तपासणीत रक्त कमी निघते किंवा थायरॉईडचा त्रास निघतो. एखादीच गोष्ट टाळली जात असेल तर तो मनाचा प्रश्न असू शकतो; पण गाणेही नको, स्वयंपाकही नको, माणसेही नकोत असे आठवडेच्या आठवडे वाटत असेल, तर स्वतःशी झगडू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. नैराश्यही असेच येते आणि त्यावर उपचार आहेत.

गिरणीवरून

डॉक्टर, हे खरे आहे. परीक्षेच्या वर्षी माझेही रक्त कमी निघाले होते, गोळ्या सुरू केल्यावर संध्याकाळी डोळे मिटायचे थांबले.

जुने दप्तर काका, आमच्या सासऱ्यांच्या पेटीत जमिनीचे काही मोडी कागद आहेत. दहावी झाल्यापासून ते वाचायला शिकावे असे मनात आहे, पण पेटीला हात लावायचा धीर होत नाही. सुरुवात कुठून करू?

जुने दप्तर

ताई, आधी कागद सपाट करण्याची घाई करू नका. जुन्या घड्या जोर लावल्यास तुटतात. ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि पुढचे सारे काम फोटोवर करा. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग भरतात, त्यांची जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करावी. तोपर्यंत सासऱ्यांचे, त्यांच्या वडिलांचे आणि गावाचे नाव एवढे तीनच शब्द मोडीत लिहायला शिका. जमिनीच्या कागदात हेच शब्द पुन्हा पुन्हा येण्याची शक्यता असते, आणि ते आपल्याला आधीच माहीत असल्याने त्यांतून अक्षरांची ओळख लवकर होते. एखाद्या फोटोत अडलात तर इथे फक्त तेवढा शब्द कापून टाका, संपूर्ण कागद टाकू नका; जमिनीचे व्यवहार असतात. मी रोज सकाळी पाहीन.