वडिलांचा ८०७ व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर : तापल्यावर ग्रिड करंट का उतरतो? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांनी १९७४ साली सांगलीच्या राहत्या घरी स्वतः बांधलेला ट्रान्समीटर मी गेले पाच महिने दुरुस्त करतो आहे. बरेचसे काम मार्गी लागले आहे. मात्र एका दोषापाशी मी अडलो आहे. व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरवर प्रत्यक्ष काम केलेली माणसे आता मोजकीच राहिली आहेत आणि त्यांपैकी कोणी हा धागा वाचत असतील तर त्यांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारावे लागू नयेत, म्हणून सगळे तपशील एकदमच लिहितो. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. आजवरच्या सर्व चाचण्या ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रेझिस्टर) केल्या असून अँटेना अद्याप जोडलेली नाही.

सर्किट त्या काळच्या हौशी मंडळींना पाठ असलेलेच आहे. ७०३० किलोहर्ट्झचा क्रिस्टल, त्यावर चालणारा ६व्ही६ ऑसिलेटर, पुढे शक्ती वाढवणारा एकच ८०७ आणि शेवटी अँटेनाशी जुळवून घेणारे पाय (π) नेटवर्क. ऑसिलेटरला वेगळा २५० व्होल्टचा पुरवठा आहे. ८०७ साठी ५आर४जीवाय रेक्टिफायर, एक जाडजूड चोक आणि तेलात बुडवलेले दोन कंडेन्सर आहेत. लोडवर ५५० व्होल्ट मिळतात. स्क्रीनला (८०७ ची दुसरी जाळी) याच पुरवठ्यातून रेझिस्टरमधून व्होल्टेज जाते. मोर्सची की दोन्ही व्हॉल्व्हच्या कॅथोडमध्ये आहे. एएमसाठी, म्हणजे आवाज पाठवण्यासाठी, दोन ६एल६ चा मॉड्युलेटर आहे, पण त्याच्या ट्रान्सफॉर्मरचे एक वेटोळे तुटलेले असल्याने तो भाग सध्या बाजूला ठेवला आहे.

८०७ हा व्हॉल्व्ह आरसीएने १९३६ साली बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात तो असंख्य लष्करी सेटांमध्ये वापरला गेला आणि युद्ध संपल्यावर मोडीच्या बाजारात इतका स्वस्त झाला की जगभरच्या हौशी लोकांचा तो पहिला ट्रान्समिटिंग व्हॉल्व्ह ठरला. भारतात १९३९ साली युद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द करून उपकरणे जमा करून घेतली होती. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर ज्यांनी पुन्हा सुरुवात केली, त्यांचा बराचसा संसार या लष्करी मोडीवरच उभा राहिला. वडिलांच्या सेटमधला चोक, तेलाचे कंडेन्सर आणि मीटर याच मार्गाने आलेले आहेत. मीटरच्या मागच्या बाजूला लष्कराचा बाण अजून स्पष्ट दिसतो.

चासी उलटी केल्यावर जे दिसले तेही सांगायला हवे, कारण माझ्या एका अडचणीचा त्याच्याशी थेट संबंध आहे. सगळ्या वायरी मेण लावलेल्या दोऱ्याने दर बोटभर अंतरावर गाठ मारून बांधलेल्या आहेत. प्रत्येक सोल्डरवर लाल ठिपका आहे. हा ठिपका आईच्या नेलपॉलिशचा. जोड तपासून झाला की वडील तो लावत असत, असे आईने सांगितले. ८०७ च्या सॉकेटशेजारी पत्र्यावर पेन्सिलीने ‘ग्रिड ३.५, प्लेट ९०’ असे लिहिलेले आहे. हे व्हॉल्व्हच्या ग्रिड (नियंत्रण करणारी जाळी) आणि प्लेट (धन टोक) यांच्या करंटचे मिलिअँपिअरमधले आकडे आहेत आणि वडिलांच्या वहीतल्या नोंदींशी जुळतात. ठिपक्याचा एकही जोड गरज नसताना तोडायचा नाही, असे मी सुरुवातीलाच ठरवले आणि आजवर ते पाळले आहे.

आतापर्यंतचे काम थोडक्यात असे. सेट प्रथम १०० वॅटच्या बल्बच्या मालिकेत ठेवून व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चालू केला. मॉड्युलेटरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर फुगलेले होते, ते काढले. मेणाच्या कागदी कंडेन्सरांपैकी एकही शाबूत नव्हता. त्यांच्या नळ्या पोकळ करून आत नवे फिल्म कंडेन्सर बसवले. जुन्या कार्बन रेझिस्टरांपैकी चारांची ओहममधली किंमत दीडपटीच्या वर गेली होती, ते बदलले. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची घातली, चासीला अर्थ दिले आणि फ्यूज बसवला.

जे कोणी असा सेट प्रथमच उघडणार असतील त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. पहिल्या दिवशी सेट बंद करून, प्लग काढून, चहा घेऊन मी परत आलो. जवळजवळ अर्धा तास गेला होता. हात घालण्यापूर्वी सवयीने मीटर लावला तर तेलाच्या कंडेन्सरवर ३१० व्होल्ट उभे होते. त्यांचा भार उतरवणारा २५ किलोओमचा ब्लीडर रेझिस्टर आतून तुटलेला होता आणि बाहेरून त्यावर साधा चराही दिसत नव्हता. तेव्हापासून लाकडी दांड्याला आकडा आणि चासीला जोडलेली जाड वायर असे साधन मी करून घेतले आहे. आकडा कंडेन्सरवर अडकवल्याशिवाय मी सेटमध्ये बोटही घालत नाही, आणि अडकवलेला आकडा काम संपेपर्यंत तसाच ठेवतो. कृपया हे कोणीही हलक्यावर घेऊ नये.

आता मूळ दोष. सेट चालू केल्यावर ग्रिड ३.५, प्लेट ९० आणि डमी लोडवर सुमारे ३२ वॅट मिळत होते, म्हणजे वडिलांचेच आकडे. मात्र की एक मिनिट दाबून, एक मिनिट सोडून असे चालवल्यास पाच-सहा मिनिटांत ग्रिड करंट ०.५ वर येत असे, प्लेट करंट १२५ वर चढत असे, लोडवरची शक्ती २४ वॅटपर्यंत घसरत असे आणि ८०७ च्या प्लेटच्या मधोमध मंद लाल डाग दिसू लागे. त्या क्षणी मी सेट बंद करत होतो.

पहिला संशय ६व्ही६ च्या प्लेटपासून ८०७ च्या ग्रिडपर्यंत जाणाऱ्या १०० पिकोफॅरडच्या मायका कंडेन्सरवर गेला. तो गळत असेल तर ग्रिडवर धन व्होल्टेज येते, बायस (ग्रिडला आवरून धरणारे ऋण व्होल्टेज) कमी होतो आणि गळतीचा प्रवाह ग्रिड लीकमधून (ग्रिडपासून चासीकडे जाणारा रेझिस्टर) नेहमीच्या ग्रिड करंटच्या उलट दिशेने वाहत असल्याने मीटरही कमी दाखवतो. तपासण्यासाठी ८०७ आणि क्रिस्टल दोन्ही काढले, ऑसिलेटर पंधरा मिनिटे चालू ठेवला आणि ग्रिडच्या पिनवर मोजले. तेथे ६ व्होल्ट धन होते. ग्रिड लीक १५ किलोओमची आहे, म्हणजे ०.४ मिलिअँपिअरची गळती. कंडेन्सर बदलला, हाही एक लाल ठिपका मला नाइलाजाने तोडावा लागला. नव्या कंडेन्सरवर तीच चाचणी केली तर व्होल्टेज शून्य आले.

दोष कमी झाला, पण गेला नाही. आता ग्रिड करंट ३.४ पासून सुरू होतो आणि बारा मिनिटांत २ वर येतो. त्याच वेळात प्लेट ९० वरून १०८ वर जाते. ऑसिलेटरच तापून दमतो की काय, हे पाहण्यासाठी ८०७ चा मोठा पुरवठा बंद ठेवला, फक्त त्याचा हीटर चालू ठेवला आणि त्याच पद्धतीने की दाबत राहिलो. या वेळी ग्रिड करंट ४ पासून सुरू झाला आणि वीस मिनिटांनीही ३.८ होता. याचा अर्थ ड्राइव्ह (ऑसिलेटरकडून ग्रिडला मिळणारा सिग्नल) बऱ्यापैकी स्थिर आहे आणि ८०७ प्रत्यक्ष काम करून तापला की मगच गडबड होते, असे मला वाटते. मोठा पुरवठा चालू असताना व्हॉल्व्हच्या काचेवर आतून निळसर झाक दिसते. ती काचेलाच चिकटलेली आहे. इलेक्ट्रोडांच्या मधल्या जागेत मला काही दिसलेले नाही.

यावरून माझे प्रश्न असे आहेत.

ग्रिड स्वतः तापून इलेक्ट्रॉन सोडू लागते आणि त्यामुळे उलटा करंट वाहतो, असे मी वाचले आहे. पन्नास वर्षांच्या या ८०७ मध्ये तेच होत असावे का? की व्हॉल्व्हमध्ये हवा शिरून वायू तयार झाला असावा? माझ्याकडे व्हॉल्व्ह टेस्टर नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखण्याची घरी करता येईल अशी सुरक्षित पद्धत आहे का?

दुसरा प्रश्न सेटच्या संरक्षणाचा आहे. बायस केवळ ग्रिड लीकवर अवलंबून असल्याने क्रिस्टल बंद पडला आणि की दाबलेली राहिली तर ८०७ ला आवरणारे काहीच नाही. क्लॅम्प व्हॉल्व्ह (ड्राइव्ह गेल्यास स्क्रीनचे व्होल्टेज खाली ओढणारा जादा व्हॉल्व्ह) घालणे हा रूढ उपाय आहे, पण त्यासाठी चासीत नवे भोक पाडावे लागेल आणि ते मला करायचे नाही. दुसरा मार्ग सुचवता येईल का?

हा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारतील, म्हणून थोडे सांगतो. माझ्या लहानपणी रात्रीची जेवणे झाली की वडील मागच्या खोलीत जात. पलीकडच्या आंब्यापासून गच्चीपर्यंत वीस मीटर तांब्याची तार ताणलेली होती. मोर्सची पितळी की ते इतक्या हलक्या मनगटाने चालवत की आम्हाला ऐकू येई ती फक्त टकटक, पण शेजारच्या काकूंच्या रेडिओत मात्र खरखर उठे आणि त्या कुंपणावरून हाक मारत. किल्लारीचा भूकंप झाला त्या ३० सप्टेंबर १९९३ च्या दिवशी ते शाळेत शिकवायला न जाता दिवसभर हेडफोन लावून बसले होते. हौशी मंडळी मदतीसाठी तिकडे निघाली होती आणि त्यांचे संदेश पुढे पोहोचवायला माणसे हवी होती. त्या दिवसाची पाने त्यांच्या लॉगबुकात इतरांपेक्षा गिचमिड अक्षरात आहेत, एरवी त्यांचे अक्षर छापल्यासारखे असे. बेळगावचे त्यांचे एक जुने स्नेही, वय ऐंशीच्या पुढे, आजही ४० मीटरच्या पट्ट्यावर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) संध्याकाळी मोर्स ऐकतात. या सेटचा सूर कानाला पडला तर मी ओळखीन, असे ते मला फोनवर म्हणाले. क्रिस्टल आणि की जुनीच आहे. ८०७सुद्धा जुनाच राहावा अशी माझी इच्छा आहे, पण तो खरोखर संपला असेल तर हट्ट धरणार नाही.

भर, तीन आठवड्यांनंतर :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने उत्तरे दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. झाले ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

काचेला चिकटलेली निळी झाक निरुपद्रवी असते आणि वायू असता तर ती इलेक्ट्रोडांच्या मध्ये दिसली असती, हे अनेकांनी स्पष्ट केल्याने ती भीती गेली. कोल्हापूरच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी त्यांच्याकडचा सोव्हिएत बनावटीचा ८०७ कापसात गुंडाळून, डब्यात घालून एसटीने पाठवला. तो बसवून तीच चाचणी चाळीस मिनिटे केली. ग्रिड करंट ३.३ वर सुरू झाला आणि शेवटी ३.२ होता, प्लेट ९० वरून हलली नाही. त्यानंतर जुना व्हॉल्व्ह परत घातला तर बाराव्या मिनिटाला ग्रिड पुन्हा २ वर. म्हणजे दोष वडिलांच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडमध्येच आहे, याबद्दल आता शंका राहिली नाही.

संरक्षणासाठी आलेली सूचनाही फार उपयोगी ठरली. ग्रिड लीकचे खालचे टोक मीटरमधून चासीला जाते. तेथे चासीऐवजी एक लहानसा ऋण पुरवठा जोडायचा आणि तितक्या प्रमाणात ग्रिड लीक कमी करायची. ड्राइव्ह गेला तरी बायस कायम राहतो, आणि ग्रिड लीक लहान झाल्याने उलट्या करंटचा परिणामही घटतो. हे सारे एका छोट्या पट्टीवर बसले आणि ती पट्टी चोकच्याच स्क्रूवर अडकवली. नवे भोक पाडावे लागले नाही. या फेरफारानंतर जुना ८०७ सुद्धा ४५० व्होल्टवर पंचवीस मिनिटे शांतपणे चालला, प्लेट ७० वर ठेवून. शक्ती वीस वॅटच्या आसपास मिळते. बेळगावपर्यंत तेवढी पुरेल, असे कोल्हापूरच्या त्या ज्येष्ठांचे मत पडले, म्हणून पहिला संपर्क याच व्हॉल्व्हवर करायचे ठरवले आहे; उसना व्हॉल्व्ह त्यानंतर परत पाठवीन.

आता दोन गोष्टींत मदत हवी आहे. पुढच्या वापरासाठी तपासलेला ८०७ कोणाकडे द्यायला असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा, हीटर १२.६ व्होल्टचा असलेला १६२५ मला चालणार नाही, कारण त्याचा सॉकेट सात पिनांचा असतो. दुसरे म्हणजे मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर. त्याचे तुटलेले वेटोळे दुय्यम बाजूचे आहे, वहीत दोन्ही बाजूंचे फेरे आणि तारेचा गेज लिहिलेला आहे, आणि पत्र्यांची चळत व बॉबिन उत्तम स्थितीत आहेत. फेरे मोजून, दर थराला कागद घालून, हाताने गुंडाळून देणारे कारागीर पुणे, सांगली किंवा कोल्हापूर भागात अजून काम करत असतील तर त्यांचा पत्ता हवा आहे. वहीतल्या त्या पानाचा फोटो खाली जोडत आहे.