मदत हवी आहे: दाढ काढल्यावर रक्त थांबवायला वनस्पतींचा अर्क?

बाबांची (वय ७१) खालची दाढ मंगळवारी काढायची आहे. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू. परवाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) २.६ आला. गोळी बंद करायची नाही असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलंय. दातांचे डॉक्टर टाके घालून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या (रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या) गुळण्या देणार आहेत. इथवर ठीक.

पण मागच्या दाढेच्या वेळी रात्रभर रक्त झिरपत होतं. सकाळी उशीचा अभ्रा बघून आईने जो धसका घेतलाय! आता ती अंगणातला दगडी पाला चुरगळून लावू म्हणतेय. लहानपणी आमच्या फुटलेल्या गुडघ्यांवर तोच लावायची, रक्त थांबायचंही. पण धुळीतला पाला दाढेच्या खड्ड्यात? मी ठाम नाही म्हटलं.

शोधताना तुर्कस्तानातलं 'अंकाफर्ड' सापडलं. थाईम, ज्येष्ठमध, द्राक्षवेल, कुलिंजन आणि नेटल अशा पाच वनस्पतींचा अर्क. तो लागताच रक्तातल्या प्रथिनांचं जाळं तयार होतं आणि तांबड्या पेशी त्यात अडकतात, असं वाचलं.

इथल्या दंतवैद्यांपैकी कुणी हे वापरलंय का? भारतात मिळतं का? आणि ओली चहाची पिशवी चावून धरायचा उपाय (चहातल्या टॅनिनमुळे) रात्री रक्त आलं तर डॉक्टर गाठेपर्यंत चालेल, की नुसता गॉझ घट्ट दाबून धरणंच बरं? मंगळवारच्या आत कळलं तर डॉक्टरांशी बोलता येईल.