मदत हवी आहे: स्लो कुकरमध्ये मटण मऊ होईना, रस्सा पण पाण्यासारखा होतोय

नमस्कार मंडळी, सोलापुरातनं लिहितोय. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, सकाळी सव्वाआठला घर सोडतो ते यायला संध्याकाळी साडेसात-पावणेआठ होतात. बायको नर्स आहे, तिची ड्युटी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक बहुतेक वेळा माझ्याकडेच. घरात बाबा, वय ७६, आणि मुलगी सहावीत. बाबांना साखर आहे, सव्वाआठला गोळी आणि लगेच ताट, त्यात उशीर चालत नाही.

आता मूळ अडचण. बाबांनी दिवाळीनंतर कवळी बसवली. माणूस मटणाचा शौकीन, आमच्याकडे सोमवार सिद्धेश्वराचा, मंगळवार-गुरुवार-शनिवार पण नाही, म्हणजे राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी वेळ असतो, मी कुकरला लावून निवांत शिजवतो. पण बुधवारी घाईत केलेलं मटण त्यांना चावत नाही. ते बोलत काहीच नाहीत. मागच्या महिन्यात बघितलं, घास बराच वेळ चघळला, मग नातीकडं पाठ करून चोथा हळूच काढला आणि ताटाच्या कडेला भाकरीच्या तुकड्याखाली ठेवला. ते बघून मला जेवण गेलं नाही.

म्हणून स्लो कुकर घेतला, म्हणजे विजेवर मंद आचेनं तासन्‌तास शिजवणारं भांडं, साडेतीन लिटरचा, बटण फिरवायचं साधं मॉडेल, लो, हाय आणि वॉर्म एवढंच आहे. सोबतच्या पुस्तिकेत 'स्टेक विथ ग्रेव्ही' आहे, मोठ्याच्या मटणाचे जाड काप, वर कांदा, स्टॉक, लो वर ८ तास, शेवटी कॉर्नफ्लोअर लावून ग्रेव्ही दाट करायची, आणि सुरीशिवाय तुटतं असं लिहिलंय. आमच्या घरात बोकडाचंच चालतं, म्हणून मी खाटकाकडनं पाऊण किलो मांडीचं बिनहाडाचं घेतलं, बोटभर जाडीचे मोठे काप करून घेतले, म्हटलं हाड नको, बाबांना त्रास नको. कच्चा कांदा, आलं-लसूण, काळं तिखट, मीठ आणि कुकरला घालतो तसं तीन ग्लास पाणी घालून सकाळी ८ ला लावून गेलो. रात्री उघडलं तर काप सुतासारखे सुटायलेत पण कोरडेठाक, तोंडात गोळा होतो, आणि रस्सा म्हणजे कांद्याचा वास मारणारं पाणी. दुसऱ्या वेळी कुणीतरी सांगितलं म्हणून कच्च्या पपईचे दोन चमचे चोळून ठेवले, तर बाहेरनं पिठासारखं झालं अन् आत तसंच कोरडं.

काय चुकतंय कळंना झालंय. मटणाचा भाग चुकतोय का, पाणी जास्त होतंय का, का हे यंत्र बोकडाच्या मटणाला चालतच नाही? आणि दुपारी लाईट गेली तर ते मटण खायचं का टाकायचं हे पण सांगा.

कडकभाकरी: दादा, कुकर असताना हा खटाटोप कशाला ओ? पाच-सहा शिट्ट्या आणि नंतर मंद गॅसवर १५ मिनिटं, कवळीवाला पण खाईल. कुकरात उष्णता १२० अंशांपर्यंत जाते, तिथं निबर मटण सुद्धा अर्ध्या तासात हार मानतं. माझ्या आईला दात नाहीत, तिला मी असंच करून घालते.

धागाकर्ता: ताई, बरोबर आहे, रविवारी तेच करतो. पण पावणेआठला घरात पाय ठेवायचा, मटण धुवायचं, शिट्ट्या, प्रेशर उतरेपर्यंत थांबायचं, मग फोडणी, वाटण, उकळी. नऊ वाजतात. बाबा गोळी घेऊन ताटासमोर बसून राहतात. तो पाऊण तास मला वाचवायचाय.

मंदआच: भाऊ, यंत्र चांगलं आहे, मटणाचा भाग चुकला. मी सहा वर्षं स्लो कुकर वापरतेय म्हणून सविस्तर लिहिते.

मांडीचं बिनहाडाचं मांस म्हणजे लुसलुशीत दिसणारं पण आत चरबी कमी आणि शिरा-पापुद्रे कमी. मटण मऊ होतं ते त्या पांढऱ्या चिवट पापुद्र्यांमुळे, ज्याला आपण फेकायला सांगतो. त्यात कोलॅजन असतं, ते साधारण ७० अंशांच्या पुढं हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि मांसाच्या धाग्यांना ओलं ठेवतं. पायाचा रस्सा फ्रिजमध्ये ठेवला की जेलीसारखा थरथरतो ना, तेच. मांडीत ते कमी, मग ११ तास उष्णता दिली की धागे आवळून आतलं पाणी बाहेर फेकतात आणि ओलं करायला आत काही उरत नाही. तुमचं मटण कच्चं राहिलं नव्हतं, जास्त शिजलं होतं. सूत सुटतंय पण कोरडं लागतंय याचा अर्थ तोच.

तुमच्या पुस्तिकेतला स्टेक पण खांद्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या चिवट मांसाचाच असतो, म्हणून त्याला ८ तास लागतात. बोकड लहान जनावर, त्याला तेवढं नको. खाटकाला सांगा खांदा द्या, हाडासकट, दोन-अडीच इंचाचे तुकडे, सोबत मानेचे दोन आणि नळीचे दोन तुकडे टाका. पापुद्रा काढू देऊ नका. शिजल्यावर हाड आपोआप सुटतं, बाबांच्या ताटात वाढायच्या आधी काढून घ्यायचं, बारीक कपरी पण बघायची.

पपई अजिबात नको. त्यातलं एन्झाइम मांस तोडतं, आणि स्लो कुकर इतका हळू तापतो की त्याला काम करायला भरपूर वेळ मिळतो. तव्यावर पटकन भाजायच्या कबाबाला ठीक आहे.

आणि मधे झाकण कोण उघडतं का? खरं सांगा.

धागाकर्ता: ताई तुम्हाला कसं कळलं. मुलगी दीड वाजता शाळेतनं येते, आजोबा म्हणतात बघ गं शिजलंय का, मग ती उघडून हलवते. दोन-तीनदा तरी होतं म्हणे.

मंदआच: एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि परत तेवढं तापायला १५-२० मिनिटं लागतात. काचेचं झाकण आहे, वरनं बघायला सांगा.

अजून एक, लो आणि हाय शेवटी जवळपास सारख्याच उष्णतेला पोचतात, उकळीच्या जरा खाली, फरक पोचायला लागणाऱ्या वेळाचा. त्यामुळे लो वर ठेवलं म्हणजे ११ तासांनी काही बिघडणार नाही असं समजू नका. खांद्याला लो वर साडेसहा-सात तास खूप झाले. बाबा घरीच असतात ना? मग सकाळी लावूच नका, मटण फ्रिजमध्ये ठेवून जा आणि साडेबाराला त्यांना लावायला सांगा. पहिला तास हाय वर, मग लो. कच्चं मटण ओट्यावर ठेवून जायचं नाही, फ्रिजरमधलं बर्फ झालेलं तसंच पण टाकायचं नाही, आतपर्यंत तापेस्तोवर फार वेळ जातो आणि तेवढ्यात जंतू वाढतात. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवायचं.

पेठेतली_सून: मटणाचं ताईंनी सांगितलंच, रश्शाचं मी सांगते. तीन ग्लास पाणी म्हणजे फारच झालं दादा. स्लो कुकरातनं वाफ बाहेर जात नाही, कांद्याचं पाणी, मटणाचं पाणी सगळं आतच. पाऊण किलोला एक वाटी गरम पाणी बास. शिजल्यावर दुप्पट दिसेल.

दुसरं म्हणजे कच्चा कांदा-मसाला टाकून खमंगपणा येणार नाही, कारण ते भांडं १०० अंशांच्या वर जातच नाही आणि भाजल्याचा रंग-वास यायला त्याच्या बऱ्याच वर तापावं लागतं. मंगळवारी रात्री भाकरी झाल्या की त्याच गरम तव्यावर कांदा तेल टाकून चांगला तांबूस होईस्तोवर परता, सुकं खोबरं विस्तवावर भाजून घ्या, लसूण-आलं-कोथिंबीर, सगळ्याचं वाटण करा. मग कढईत तेल तापवून वाटण, हळद, काळं तिखट घालून तेल सुटेपर्यंत परता. त्या वाटणाचा रंग विटेसारखा झाला आणि कडेनं तेलाचे बुडबुडे दिसायला लागले की गॅस बंद. गार करून डब्यात, फ्रिजला. मटण वेगळ्या डब्यात, हळद-मीठ लावून. यात २५ मिनिटं जातात पण बुधवारी काहीच राहत नाही.

खडा मसाला निम्मा करा. लवंग-दालचिनी सात तासांत फार उतरते, रस्सा औषधी लागतो. दही घालायचं असेल तर शेवटी, आधी घातलं तर फाटतं.

दाटपणाला कॉर्नफ्लोअर कशाला, सोलापुरात राहून? दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट थोड्या गरम रश्शात कालवून शेवटच्या अर्ध्या तासात घाला आणि हाय करा. कूट सुरुवातीला घालू नका, तळाला बसतं अन् कडेला लागतं. बटाटा घालणार असाल तर तळाशी घाला, स्लो कुकरात बटाट्याला मटणापेक्षा जास्त वेळ लागतो.

जुळे_सोलापूर: लाईटचं सांगतो. तुमचं फिरवायच्या बटणाचं आहे ते चांगलं, लाईट आली की आपोआप परत चालू होतं, डिजिटलवाली बरीचशी बंदच राहतात. पण त्यात धोका पण आहे, घरात कुणी नसेल तर किती वेळ बंद होतं कळतच नाही. मी त्याच बोर्डावर बिनबॅटरीचं डिजिटल घड्याळ लावलंय, लाईट जाऊन आली की ते शून्यावरनं सुरू होतं, घरी आल्यावर लाईट गेली होती आणि परत कधी आली एवढं तरी कळतं. किती वेळ गेली माहीत नसेल आणि मटण अर्धवट होतं तर टाकून द्यायचं, जीव तुटतो पण टाकायचं. बाबा घरी असतील आणि लाईट गेली तर १५-२० मिनिटं झाकण न उघडता थांबायचं, आली नाही तर सरळ गॅसवरच्या कुकरमध्ये ओतून शिजवून घ्यायचं. वायर साधीच लागते, आमचा २०० वॉटचा आहे, सात तासांना दीड युनिटच्या आत.

आणि कुणी अमेरिकेहून आणून देतो म्हटलं तर घेऊ नका. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. आमच्या नातेवाइकांनी प्रेमानं आणलेला पहिल्याच दिवशी धूर काढून बसला.

पेठेतली_सून: राजमा पण करणार असाल कधी, तर आधी पाणी बदलून गॅसवर १० मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय स्लो कुकरात घालू नका. मंद आचेवर त्यातलं विष जात नाही, उलट्या होतात. विषय वेगळा आहे पण लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडेल.

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. आज बुधवार, करून बघितलं, आत्ता भांडी घासून बसलोय आणि लगेच लिहितोय.

काल संध्याकाळी खाटकाकडं गेलो, खांदा हाडासकट पाऊण किलो, मानेचे दोन, नळीचे दोन. तो पापुद्रा काढायला लागला तसा थांबवला. रात्री वाटण केलं, विटेच्या रंगापर्यंत परतलं, बायको नाइटला जाताना कढईत डोकावून म्हणाली आज वास वेगळा आहे. सकाळी बाबांना दोन्ही डबे दाखवले, थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवलं आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला चिकटवलं, साडेबारा हाय, दीड लो, झाकण उघडायचं नाही. त्यांनी साडेबाराला फोन केला, लावलंय. दीडला फोन, लो केलंय. चारला परत फोन, झाकणाला पाणी धरलंय, आत उकळ्या दिसत नाहीत, चालतंय ना? मी म्हटलं तसंच असतंय, राहू द्या. गिरणीत होते तेव्हा मशीन सोडून हलायचे नाहीत असं आई सांगायची, आज मुलगी म्हणाली आजोबा खुर्ची ओट्यापाशी घेऊन बसले होते.

पावणेआठला उघडलं. खांद्याचं हाड चिमट्यानं उचललं तर मांस खालीच राहिलं. रश्शावर बोटभर लाल तवंग. कूट कालवून घातलं, हाय केलं, पण अर्धा तास थांबायला वेळ नव्हता, २० मिनिटांत वाढलं. सव्वाआठच्या जागी आठ दहाला ताट समोर. बाबांनी कडक भाकरी ताटात चुरली, वर रस्सा ओतला, ती भिजेपर्यंत थांबले, आणि मटणाचा तुकडा बोटांनी दाबून बघितला. मग जेवले. दुसऱ्यांदा मागून घेतलं. ताट उचलताना मी कडेला बघितलं, नळीची दोन हाडं होती, चोखून पांढरी केलेली, बाकी काही नाही.

रस्सा अजून जरा पातळ वाटला, तो कूट उशिरा घातल्यानं का पाणी अजून कमी करू? एक वाटी मोजूनच घातलं होतं. आणि रविवारी बहीण पोरांसकट यायलीय, एकूण आठ जण. साडेतीन लिटरच्या भांड्यात दीड किलो बसेल का, का भांडं फार भरलं की शिजत नाही? बाबा म्हणतात साडेबाराला तेच लावणार.

मंदआच: पाऊण वाटी करा पाणी, कूट पूर्ण अर्धा तास ठेवा. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, वर भरलं की मधलं मांस उशिरा तापतं. साडेतीन लिटरला सव्वा किलो हाडासकट, त्याच्या वर नको, उरलेलं कुकरला लावा. आणि वेळ तेवढाच, बाबांना सांगा तासभर आधी लावायची गरज नाही.